फ्लक्स-कोर वेल्डमधले दोष: रन बघून कारण ओळखा, मग दुरुस्ती करा

फ्लक्स-कोर, म्हणजे पोटात फ्लक्स भरलेल्या वायरने मारलेला रन (वेल्डची एक सलग रेघ) बिघडला की हात आधी व्होल्टेजच्या नॉबकडे जातो. तो तिथे जाऊ देऊ नका. स्लॅग, म्हणजे वेल्डवर गोठलेलं फ्लक्सचं कवच, पूर्ण काढा, वायर ब्रश मारा आणि दोष नेमका कुठे आहे ते बघा. रनच्या सुरुवातीला आहे, शेवटी आहे, पूर्ण लांबीभर आहे की मध्येच ठरावीक अंतरावर? मधोमध आहे की कडेला? खालच्या प्लेटच्या बाजूला की वरच्या? अर्धं निदान इथेच होतं. पूर्ण लांबीभर सारखा दोष असेल तर मशीनची जोडणी, गॅस, वायर किंवा सेटिंग चुकलंय. मध्येच ठिपक्याठिपक्याने असेल तर प्लेट अस्वच्छ आहे किंवा टॅकवर (प्लेट जागी धरणाऱ्या छोट्या वेल्डवर) काहीतरी अडकलंय. फक्त टोकांना असेल तर रन सुरू करण्याची आणि संपवण्याची पद्धत बघायला हवी. नॉब फिरवून यातला पहिला प्रकारच सुटू शकतो, आणि तोही दर वेळी नाही.

दुसरी शिस्त अशी की एका वेळी एकच गोष्ट बदला. व्होल्टेज, वायरचा वेग आणि गनचा कोन एकदम बदलले आणि रन सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कधीच कळणार नाही. पुढच्या जाडीच्या प्लेटवर तोच गोंधळ पुन्हा होईल.

आधी रीळावरचं लेबल

फ्लक्स-कोर वायर दोन जातींची असते. एक बिनगॅसची, जिच्या पोटातला फ्लक्सच जळून वितळलेल्या धातूचं हवेपासून रक्षण करतो. दुसरी गॅसवाली, जिला फ्लक्स असूनही बाहेरून सीओटू किंवा आर्गॉन-सीओटू मिश्रण लागतं. दोघींचे दोष दिसायला सारखे असतात, पण कारणं वेगळी निघतात. त्यामुळे रीळावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय निदान सुरू करू नका.

ई७१टी-११ आणि ई७१टी-जीएस या बिनगॅसच्या नेहमीच्या वायरी. ई७१टी-१ ही गॅसवाली. यातला ७ म्हणजे वेल्ड धातूची किमान ताणशक्ती ७०,००० पीएसआय, साधारण ४८० मेगापास्कल. त्यापुढचा १ म्हणजे वायर सगळ्या पोझिशनमध्ये चालते. तिथे ० असेल तर ती फक्त सपाट आणि आडव्या कामासाठी आहे. ई७०टी मालिकेतली वायर घेऊन उभा जोड चढवायला गेलात तर धातू खाली ओघळणारच, त्यात हाताचा दोष नाही. आणि जीएस हे अक्षर नीट बघून ठेवा. ती वायर फक्त एकाच पासच्या, म्हणजे जोडावर एकच रन मारण्याच्या, कामासाठी असते. तिच्यावर दुसरा, तिसरा पास चढवला तर थर ठिसूळ होऊन तडकू शकतात. जाड प्लेटवर दोन-तीन पासनंतर आलेल्या क्रॅकचं कारण शोधताना हे आधी तपासा.

मग पोलॅरिटी, म्हणजे गनची आणि अर्थची (प्लेटला क्लॅम्प लावलेली) लीड कुठल्या टोकाला जोडली आहे ते. ई७१टी-११ आणि ई७१टी-जीएस या दोन्हींना गन निगेटिव्हवर आणि अर्थ पॉझिटिव्हवर हवा. गॅसवाल्या ई७१टी-१ ला याच्या उलट, म्हणजे गन पॉझिटिव्हवर. साध्या मिग वायरलाही (गॅसखाली चालणारी, फ्लक्स नसलेली भरीव वायर) गन पॉझिटिव्हवरच लागते, म्हणून मिग वायर काढून बिनगॅसची चढवली आणि आतली जोडणी तशीच राहिली, असं सर्रास होतं. अशा वेळी आर्क (वायर आणि प्लेटमधली विजेची ज्योत) फटफटतो, जाड दाण्यांचा स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) सगळीकडे चिकटतो, रन अरुंद आणि उंच बसतो आणि त्यात छिद्रं येतात. जोडणी बहुतेक मशीनमध्ये वायरच्या कप्प्यातच दोन बोल्टांवर बदलता येते. मेन स्विच बंद करा, लीड अदलाबदल करा आणि नट घट्ट करा. ढिला नट तापतो आणि आर्क हेलकावे खातो. बिनगॅसच्या सगळ्या वायरी निगेटिव्हवर चालतात असंही नाही, ई७०टी-४ आणि ई७०टी-६ पॉझिटिव्हवर चालतात. म्हणून शेवटचा शब्द लेबलचा.

तीन आकडे हाताशी ठेवा

स्टिकआउट म्हणजे कॉन्टॅक्ट टिपच्या (गनच्या टोकाशी वायरला करंट देणाऱ्या नळीच्या) टोकापासून आर्कपर्यंतची उघडी वायर. ०.९ मिमीच्या बिनगॅस वायरला १२ ते २० मिमी, आणि १.२ मिमीच्या गॅसवाल्या वायरला साधारण १९ ते २५ मिमी. मिग करणाऱ्या हाताला हे अंतर जास्त वाटतं आणि गन आपोआप जवळ जाते. फ्लक्स-कोरमध्ये ते महागात पडतं, कारण उघड्या वायरमधून करंट जाताना ती तापते आणि फ्लक्समधला ओलावा आर्कपर्यंत पोहोचायच्या आत निघून जातो. अंतर कमी झालं की तो ओलावा थेट वितळलेल्या धातूत जातो. उलट अंतर फार वाढलं तर करंट पडतो, पेनिट्रेशन, म्हणजे प्लेट वितळण्याची खोली, घटतं आणि रन नुसता वर बसतो.

वायरचा वेग मोजायला मशीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. आर्क न लावता गन रिकाम्या जागेकडे धरा, ट्रिगर बरोबर सहा सेकंद दाबा, बाहेर आलेली वायर मोजा आणि दहाने गुणा. ४० सेंमी आली तर वेग मिनिटाला ४ मीटर. फ्लक्स-कोरमध्ये करंट हा मुख्यतः वायरच्या वेगानेच ठरतो. व्होल्टेजने आर्कची लांबी आणि रनची रुंदी ठरते.

व्होल्टेजचा अंदाज: ०.९ मिमीची ई७१टी-११ साधारण १४ ते १८ व्होल्टमध्ये चालते, १.२ मिमीची ई७१टी-१ साधारण २४ ते ३० व्होल्टमध्ये. व्होल्टेज कमी असेल तर वायर वितळायच्या आत प्लेटवर आपटते, गनला मागे धक्के बसतात आणि रन दोरीसारखा उंच उठतो. जास्त असेल तर आर्क लांबतो, रन पसरट होतो आणि कडा खाल्ल्या जातात.

छिद्रं, म्हणजेच ब्लोहोल

सगळ्यात जास्त तक्रार याचीच. छिद्रं का आली हे शोधायला एक सोपी चाचणी आहे. त्याच स्टीलचा एक तुकडा घ्या, ग्राइंडरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा आणि त्याच सेटिंगवर १० सेंमीचा रन मारा. छिद्रं गेली तर दोष कामाच्या प्लेटवरच्या घाणीत आहे. राहिली तर वायर, गॅस, पोलॅरिटी किंवा हाताची पद्धत. ही पाच मिनिटांची चाचणी दोन तासांची नॉबफिरव वाचवते.

घाण म्हणजे गंज, तेल, रंग, ओलावा आणि मिलस्केलचा (गरम रोलिंगमधून राहिलेल्या काळ्या पापुद्र्याचा) जाड थर. बिनगॅसची वायर थोडा गंज चालवून घेते, अशी तिची ख्याती आहे, पण ती ख्याती गरजेपेक्षा मोठी झाली आहे. पातळ लाल गंज ती पचवते, खपल्या सुटणारा गंज आणि रंग नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिमी पट्टा स्वच्छ करा. जी.आय. प्लेटवरचं जस्तही तेवढंच मागे काढा. जस्ताची वाफ रनमधून बाहेर पडताना छिद्रं तर करतेच, पण ती श्वासातून आत गेली तर काही तासांनी थंडी-ताप भरतो. तेल पुसायला क्लोरीनयुक्त क्लीनर, उदाहरणार्थ काही ब्रेक क्लीनर, मुळीच वापरू नका. त्याच्या अवशेषांवर आर्क लागला तर फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो. अॅसिटोनने पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच आर्क लावा.

चकचकीत तुकड्यावरही छिद्रं आली आणि वायर गॅसवाली असेल तर गॅसकडे वळा. फ्लो मिनिटाला १५ ते २० लिटर हवा. कमी असेल तर हवा आत शिरते हे सगळ्यांना माहीत असतं. फार वाढवला तरी गॅस घुसळतो आणि बाजूची हवा आत ओढून घेतो, हे विसरलं जातं. म्हणून छिद्रं दिसली की फ्लो वाढवत नेणं हा उपाय नव्हे. नोझल काढा, आतला स्पॅटर खरवडा, डिफ्यूझरची (नोझलमध्ये गॅस पसरवणाऱ्या भागाची) बारीक भोकं मोकळी आहेत का ते बघा. गन जिथे फीडरला (वायर पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेला) जोडते तिथली ओ-रिंग झिजली असेल तर गॅस तिथेच निसटतो. होसच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. सीओटू जास्त फ्लोवर बराच वेळ चालवला तर रेग्युलेटर गोठतो आणि गॅस खंड पडत येतो, त्यासाठी हीटरवाला रेग्युलेटर लावतात. पंखा, उघडं दार, खिडकी यांचा वारा अंगाला जाणवत असेल तर गॅसवाल्या रनला तो नक्की लागतोय. आडोसा करा. मात्र धूर ओढणारी व्यवस्था बंद करून आडोसा करू नका, फ्लक्स-कोरचा धूर मिगपेक्षा बराच जास्त असतो.

बिनगॅसच्या वायरला वाऱ्याची भीती कमी, पण तिची वेगळी खोड आहे. व्होल्टेज जास्त झालं आणि आर्क लांबला की ती हवेतला नायट्रोजन ओढून घेते आणि रनभर छिद्रं येतात. व्होल्टेज अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने खाली आणा आणि प्रत्येक वेळी छोटा रन मारून बघा.

छिद्रं फक्त रनच्या पहिल्या सेंटीमीटरात असतील तर मागच्या रननंतर वायरच्या टोकावर राहिलेला गोळा बघा. त्या गोळ्यावर स्लॅगचा थर असतो, आर्क अडखळत पेटतो आणि सुरुवात कच्ची होते. प्रत्येक रनआधी वायर कटरने तिरकी कापा. गॅसवाल्या वायरसाठी आर्क पेटण्याआधी अर्धा सेकंद गॅस सुटेल अशी सोय मशीनवर असेल तर चालू करा. छिद्र फक्त रनच्या शेवटी असेल तर गन लवकर उचलली गेली. क्रेटर (रनच्या टोकाचा खड्डा) भरेपर्यंत थांबा, गॅस असेल तर तो बंद होईपर्यंत नोझल तिथेच धरा.

ओली वायर हा लपून बसणारा गुन्हेगार. उघड्यावर टांगलेल्या रीळाचे वरचे थर तपकिरी दिसू लागले तर ते काढून टाका. आतून स्वच्छ वायर निघाली आणि रन सुधारला तर ठीक, नाहीतर रीळ जबाबदारीच्या कामातून बाद करा. काम संपल्यावर रीळ काढून प्लास्टिकच्या पिशवीत, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह कोरड्या जागी ठेवा.

वर्म ट्रॅक

हा दोष मुख्यतः रुटाइल (टायटॅनियम ऑक्साइडच्या) स्लॅग असलेल्या गॅसवाल्या वायरवर दिसतो, बिनगॅसच्या वायरवरही येतो. स्लॅग काढला की रनच्या मधोमध किंवा जराशा बाजूला, गांडूळ ओल्या मातीवरून गेल्यावर उमटते तशी उथळ खाच दिसते, कधी ५ मिमी लांब, कधी ५० मिमी. तळ गुळगुळीत आणि चमकदार असतो. खाचेच्या एका टोकाला बारीक भोक आहे का ते भिंगातून नक्की बघा. भोक असेल तर छिद्र आतपर्यंत गेलेलं आहे आणि फक्त वरून घासून भागणार नाही.

हे घडतं कारण स्लॅग गोठताना त्याखाली अडकलेला वायू बाहेर पडू शकत नाही आणि अर्धवट गोठलेल्या धातूवर वाट काढत पुढे सरकतो. मुख्य कारण वायरच्या वेगाच्या मानाने जास्त व्होल्टेज. ते अर्ध्या व्होल्टच्या पायरीने खाली आणा. त्यानंतर स्टिकआउट तीन-चार मिमी वाढवून बघा. दोन्हींनी फरक पडला नाही तर ओली वायर आणि अस्वच्छ प्लेट. या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीपर्यंतच प्रश्न मिटतो.

आत अडकलेला स्लॅग आणि न जुळलेला जोड

हे दोन दोष जोडीने येतात आणि वरून रन देखणा असतानाही आत असू शकतात, म्हणून छिद्रांपेक्षा जास्त धोकादायक. छिद्रं निदान दिसतात तरी.

स्लॅग अडकतो तेव्हा बहुतेक वेळा तो वितळलेल्या धातूच्या पुढे धावलेला असतो. गन ढकलत नेली, प्रवास फार सावकाश झाला, किंवा प्लेट उताराकडे झुकलेली असली की स्लॅग आर्कखाली येतो आणि धातू त्याच्यावरून पसरतो. सपाट आणि आडव्या कामात गन खेचत न्या, म्हणजे वायर मागच्या रनकडे बोट दाखवेल आणि हँडल प्रवासाच्या दिशेने १० ते २० अंश झुकलेलं असेल. आर्क नेहमी वितळलेल्या धातूच्या डबक्याच्या पुढच्या कडेवर राहायला हवा. नजर आर्कच्या लखलखाटावर न ठेवता त्याच्या मागच्या डबक्यावर ठेवा, स्लॅग किती मागे गोठतोय ते तिथे दिसतं. खालून वर चढणाऱ्या जोडात मात्र गन ५ ते १० अंश वरच्या दिशेला रोखलेली चालते, आणि तिथे करंटही सपाट कामापेक्षा थोडा कमी ठेवावा लागतो.

बहुपासी जोडात दोष ठरावीक अंतरावर येत असेल तर टॅक तपासा. फ्लक्स-कोरने मारलेल्या टॅकवरही स्लॅग असतो आणि टॅकच्या दोन्ही टोकांना खड्डा राहतो. प्रत्येक टॅक चिपिंग हॅमरने साफ करा आणि टोकं ग्राइंडरने उतरती करा. दोन पासच्या मधला स्लॅग काढताना नुसता ब्रश पुरत नाही. उंच उठलेल्या पासच्या दोन्ही कडांना अरुंद खाच पडते, तिथे स्लॅग घट्ट बसतो आणि पुढचा पास तो वितळवू शकत नाही. अशी खाच पातळ डिस्कने उघडा आणि व्होल्टेज थोडं वाढवून पुढचे पास सपाट बसवा. मागचा पास उंच आणि पुढचा त्याच्या कडेला चिकटून, ही रचनाच स्लॅगला घर करून देते. पुढचा पास मागच्याच्या निम्म्या रुंदीवर चढू द्या. खपल्या काढताना हेल्मेट वर केलेलं असतं, तेव्हा खाली गॉगल हवाच. गरम स्लॅग डोळ्याकडेच उडतो.

जोड न जुळणं म्हणजे धातू प्लेटवर पसरला पण प्लेट वितळलीच नाही. करंट कमी, स्टिकआउट लांब, प्रवास फार वेगात किंवा फार सावकाश, गनचा रोख एकाच प्लेटकडे, ही त्याची कारणं. टी-जोडात गन दोन्ही प्लेटशी ४५ अंशात धरा. एक प्लेट जाड असेल तर उष्णता तिच्याकडे जास्त जायला हवी, म्हणून रोख थोडा तिच्याकडे. बट जोडात (दोन प्लेट कडेला कड लावून) रूट गॅप, म्हणजे जोडाच्या तळाशी ठेवलेली फट, नसेलच तर कितीही करंट द्या, जाड प्लेटच्या तळापर्यंत धातू जाणार नाही. तिथे बेव्हल करा, म्हणजे कडा तिरक्या कापा, आणि गॅप ठेवा.

हा दोष बाहेरून दिसत नसल्यामुळे तोडून बघणं हाच खात्रीचा मार्ग. ६ मिमी जाड, १०० मिमी लांब दोन पट्ट्या घ्या, टी आकारात उभ्या करा, फक्त एकाच बाजूने फिलेट (कोपरा भरणारा तिकोनी वेल्ड) मारा. थंड झाल्यावर आडवी पट्टी व्हाइसमध्ये पकडा आणि उभी पट्टी हातोड्याने वेल्डच्या बाजूला वाकवा, म्हणजे रूट उघडेल. वेल्ड तुटला तर तुटलेला पृष्ठभाग उजेडात नीट बघा. सगळीकडे राखाडी, खडबडीत, दाणेदार धातू फाटलेला दिसला तर जोड पक्का. कोपऱ्यात सपाट, सरळ कडेची पट्टी दिसली, जिथे प्लेटची मूळ कापलेली धार जशीच्या तशी आहे, तर धातू तिथे पोहोचलाच नव्हता. काचेसारखे काळे ठिपके म्हणजे स्लॅग, गोल चमकदार खळगे म्हणजे वायू. पट्टी पूर्ण आडवी झाली तरी वेल्ड तुटला नाही, तर त्याहून चांगला निकाल नाही. नवीन सेटिंग कामावर वापरण्याआधी हे एकदा करा.

अंडरकट आणि रनचा आकार

रनच्या कडेला प्लेटमध्ये खाच पडते आणि धातू ती भरत नाही, तो अंडरकट. व्होल्टेज जास्त, प्रवास वेगात, किंवा गन दोन्ही बाजूंना झुलवताना कडेला न थांबणं, या तीनपैकी एक असतं. आडव्या फिलेटमध्ये तो नेहमी रनच्या वरच्या कडेला, उभ्या प्लेटवर येतो. तिथे गनचा रोख जरा खाली घ्या, रन लहान ठेवा आणि हवी तर दोन-तीन पासमध्ये फिलेट भरा. झुलवत असाल तर दोन्ही कडांना क्षणभर थांबा आणि मधून पटकन निघा, मध्ये रेंगाळलात तर पोट फुगतं आणि कडा उपाशी राहतात.

किती अंडरकट चालतो? अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१.१ कोडमध्ये स्थिर भाराच्या कामात २५ मिमीपेक्षा पातळ प्लेटला सर्वसाधारण मर्यादा १ मिमी आहे. वारंवार भार येणाऱ्या मुख्य भागांत, ताणाला आडव्या असलेल्या वेल्डला ती ०.२५ मिमीवर येते. क्रॅकला मात्र कुठल्याच कामात सूट नाही.

अंडरकट आणि छिद्रं दोन्ही फक्त प्लेटच्या टोकापाशी किंवा कोपऱ्यात येत असतील आणि आर्क एका बाजूला ओढला जात असेल तर तो करंटमुळे होणाऱ्या चुंबकीय ओढीचा प्रकार आहे. अर्थ क्लॅम्प दुसऱ्या टोकाला लावा आणि अर्थापासून दूर जाणाऱ्या दिशेने रन मारा. क्लॅम्पखाली रंग किंवा गंज नको, हे वेगळं सांगायला नको, पण तपासायला हवं.

क्रॅक

रनच्या मधोमध लांबीच्या दिशेने, वेल्ड अजून गरम असतानाच पडलेला क्रॅक हा गोठताना पडलेला असतो. रन अरुंद आणि खोल असेल, किंवा अंतर्गोल आणि पातळ असेल, तर आकसताना मध्यरेषा ओढ सहन करत नाही. रन त्याच्या खोलीइतका तरी रुंद हवा. अंतर्गोल रन असेल तर व्होल्टेज कमी करा किंवा प्रवास सावकाश करा, म्हणजे पोट थोडं बाहेर येईल. शेवटच्या खड्ड्यात पडणारा ताऱ्यासारखा क्रॅक क्रेटर न भरल्यामुळे. रन संपवताना ५ ते १० मिमी मागे या, क्षणभर थांबा, खड्डा भरला की ट्रिगर सोडा.

वेल्डच्या कडेला, प्लेटच्या तापलेल्या पट्ट्यात, काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडणारा क्रॅक हायड्रोजनचा. ओलावा, तेल आणि गंजातून हायड्रोजन धातूत जातो, आणि जाड किंवा जास्त कार्बनचं स्टील पटकन थंड झालं की कडक झालेला पट्टा फुटतो. उपाय तीन: कोरडी वायर, कोरडी प्लेट आणि प्रीहीट (वेल्डआधी प्लेट तापवणं). पातळ माइल्ड स्टीलला ओलावा उडवण्यापुरती आच पुरते. जाड प्लेटला, आणि कार्बन ०.३० टक्क्यांच्या वर असलेल्या स्टीलला, त्या स्टीलच्या प्रोसीजरमध्ये दिलेलं तापमान गाठावं लागतं, ते टेम्परेचर स्टिकने मोजा. अशा कामाची तपासणी वेल्ड थंड झाल्यावर लगेच उरकू नका, ४८ तासांनी पुन्हा करा.

वायर अडखळते, टिप जळते

आर्क मधूनच तुटतो आणि पुन्हा पेटतो, त्याचं कारण बहुतेक वेळा फीडरमध्ये असतं. फ्लक्स-कोर वायर ही फ्लक्स भरलेली पातळ नळी आहे. रोलरचा ताण जास्त झाला तर ती चपटी होते, टिपमध्ये अडकते आणि रोलरपाशी गुंतवळा होतो. दातेरी व्ही-खाचेचे रोलर लावा, साध्या खाचेचे नकोत. ताण तपासायला हातमोजा घालून गन कोरड्या लाकडी ठोकळ्यासमोर धरा. ५० ते ७५ मिमीवर वायर ठोकळ्याला लागून वाकत बाहेर येत राहिली पाहिजे, १२ मिमीवर रोलर घसरला पाहिजे. जवळही घसरत नसेल तर ताण जास्त, लांबही घसरत असेल तर कमी.

लायनरमध्ये (गनच्या केबलमधली वायरची नळी) धातूची पूड साचते. रीळ बदलताना गनची केबल सरळ करून हवेने उलट फुंकून काढा. टिपचं भोक लांबट झालं की करंट नीट जात नाही, टिप बदला, ती टिकवण्याची वस्तू नाही. वायर टिपला वेल्ड होऊन बसत असेल तर वायरचा वेग कमी आहे किंवा गन फार जवळ आहे.

स्पॅटरबद्दल वेगळं लिहायला फारसं उरत नाही. पोलॅरिटी, ढिला अर्थ, चुकलेलं व्होल्टेज आणि ओली वायर, याच क्रमाने बघा. पातळ पत्र्याला भोक पडत असेल तर २०-३० मिमीचे तुकडे जागा बदलून मारा आणि मागे तांब्याची पट्टी धरा.

दुरुस्ती

दोषावरून नवा पास फिरवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. खालचं छिद्र तसंच राहतं आणि त्यातला वायू नव्या रनमध्ये वर येतो, स्लॅग तर जागचा हलतही नाही. दोष पूर्ण खणून काढावा लागतो.

ग्राइंडरने दोषाच्या दोन्ही टोकांना चांगला धातू लागेपर्यंत जा. खाच तळाला गोल आणि वर उघडी ठेवा, टोकं उतरती करा. उभ्या भिंतींची अरुंद खाच केली तर दुरुस्तीतच पुन्हा स्लॅग अडकेल. कार्बन आर्कने गाउजिंग (धातू वितळवून खाच काढणं) केलं असेल तर वरचा काळपट, कडक थर ग्राइंड करून चमकदार धातू उघडा पाडा. क्रॅक असेल तर त्याची टोकं डोळ्याला दिसतात त्यापुढेही गेलेली असतात. दिसणाऱ्या टोकांच्या जरा पुढे ३ मिमीची भोकं पाडा, म्हणजे खणताना तो पळणार नाही, मग तळापर्यंत काढा. डाय पेनिट्रंट मारा: लाल रंग लावा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, पुसा, डेव्हलपर फवारा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर अजून खणा. रेघ येत नाही तोवर वायरला हात लावू नका. नंतर पेनिट्रंट सॉल्व्हंटने पूर्ण पुसून सुकवा, नाहीतर तोच पुढच्या छिद्रांचं कारण होतो.

खाच भरताना छोटे, सरळ पास मारा, प्रत्येकानंतर स्लॅग काढा. मूळ कामाला प्रीहीट लागलं असेल तर दुरुस्तीला ते लागतंच, कारण छोटा रन मोठ्या थंड प्लेटवर आणखी पटकन गोठतो. अंडरकट उथळ असेल तर कड गुळगुळीत घासून भागतं, खोल असेल तर साफ करून कमी करंटचा बारीक रन कडेलगत द्या. रनच्या मध्येच थांबावं लागलं तर क्रेटरमधला स्लॅग काढा, आर्क क्रेटरच्या १० मिमी पुढे पेटवा, मागे येऊन खड्डा भरा आणि मग पुढे निघा. पेटवतानाची कच्ची सुरुवात त्यामुळे नव्या रनखाली पुन्हा वितळून जाते.